भागीचं गिरमिट

दौलत गमरे आणि राजाराम घाडी यांनी भागीत विजेचं ड्रिल मशीन घेतलं, तेव्हा दोघांच्याही चाळीत हसू झालं. लोक भागीत बकरा घेतात, गावाकडं बैलजोडी घेतात. पण लालबागच्या घाड्यानं आणि नायगावच्या गमऱ्यानं मिळून भोकं पाडायचं यंत्र घ्यावं, हे कुणाच्या डोक्यात बसेना. राजारामची आई सुंदराबाई त्याला 'विजेचं गिरमिट' म्हणाली आणि तेच नाव पडलं.

दौलत परळला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. राजाराम मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर होता. साचेखात्यात दौलतच्या जातीच्या माणसांना कुणी उभं करत नसे, पण ही गोष्ट दोघांच्या बोलण्यात कधी निघाली नव्हती. निघायचं कारणही नव्हतं. त्यांची ओळख झाली ती लाठीमारात. छप्पन सालच्या जानेवारीत लालबाग पेटलं होतं. कामावरून परतणारा दौलत मध्येच अश्रुधुरात सापडला. डोळ्यांपुढं काही दिसेना. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या दंडाला धरून त्याला एका जिन्यात ओढलं आणि दार लावून घेतलं. तो राजाराम. वर त्याच्या आईनं कांदा फोडून दोघांच्या नाकाशी धरला, डोळ्यांवर पाणी मारलं, आणि पोलिसांना मालवणीतून अशा शिव्या घातल्या की डोळ्यांतून धार लागलेली असतानाही दौलतला हसू आलं.

तिथून पुढं दोघं संयुक्त महाराष्ट्र समितीच्या शाखेत बरोबर असायचे. एकानं खळ लावायची, दुसऱ्यानं कागद चिकटवायचा. सत्याग्रहात एकाच गाडीतून नेले गेले, एकाच घोंगडीवर झोपले. त्याच वर्षी डिसेंबरात दौलतनं बायकोसह दादरच्या चौपाटीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. राजारामला त्यानं ते भीतभीतच सांगितलं. राजारामनं त्याच्या पाठीत थाप मारली.

"बरं केलंस. आता तुझ्यामाझ्यात काही फरकच उरला नाही."

दौलतला ते वाक्य फार आवडलं. गंगुबाईला, आपल्या बायकोला, त्यानं ते घरी येऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. "म्हणजे आधी होता तर," एवढंच म्हणाली.

मशीन घ्यायचं मुळात दौलतच्या मनात होतं. नायगावच्या त्याच्या चाळीच्या भिंती काँक्रीटच्या. खिळा ठोकला की वाकायचा. छिन्नी-हातोड्यानं एक भोक पाडायला अर्धा दिवस जायचा आणि शेजारी भांडायला यायचे. कारखान्यात हातात धरायचं विजेचं ड्रिल त्यानं चालवलं होतं. तसं एक घरी असावं, फळ्या माराव्यात, पडद्याचे दांडे बसवावेत, आल्यागेल्याचं काम करावं, हा त्याचा ध्यास. नवं घेणं आवाक्याबाहेरचं. राजारामला सांगितलं तर तो म्हणाला, "अर्धं तू, अर्धं मी. एक आठवडा तुझ्याकडं, एक आठवडा माझ्याकडं. आमच्या खोलीत माळा करायचाच आहे."

माझगावला गोदीच्या मागच्या बाजूला मोडीत काढलेल्या बोटींचं सामान विकायला असायचं. साखळदंड, पितळी दिवे, बुरसटलेले नांगर. त्या ढिगात दोघांना ते सापडलं. राखाडी रंगाचं, बिडाच्या अंगाचं, पिस्तुलासारखी मूठ, पाठीला हवेसाठी कापलेल्या फटी. उचललं की हात खाली यायचा. दौलतनं सोबत कुशाबाला नेलं होतं. कुशाबा हा त्याच्या गावचा, भावकीतला, मोटारींचं वाइंडिंग करणारा म्हातारा. त्यानं तिथंच फतकल मारली, स्क्रू काढले, आत फुंकर मारली.

"बोटीवर कुणी वापरलेलंच दिसत नाही. आतून कोरं आहे. घ्या."

दोघांनी आळीपाळीनं खांद्यावर मारून ते घरी आणलं. वाटेत राजारामनं ते बंदुकीसारखं धरून दोनचार लोकांना घाबरवलं. बोरीबंदरला मोरारजीच्या पोलिसांपुढं हे घेऊन जायला हवं होतं म्हणाला.

पहिल्या वर्षात त्या मशीननं दोघांना राजे करून सोडलं. राजारामच्या खोलीत माळा झाला. दौलतनं गंगुबाईला भांड्यांची फळी मारून दिली आणि समोरच्या भिंतीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर अशी पक्की बसवली की हलवल्यानं हलू नये. लाकडाची गिट्टी ठोकून तिच्यात स्क्रू पिळताना त्याला वाटलं, हे घर आता खरं आपलं झालं. चाळीत दिव्यापुरतीच वीज होती. भिंतीत तीन भोकांचा प्लग कुठून असणार? बल्ब काढून त्या होल्डरलाच वायर जोडायची. मशीनच्या वायरीतली तिसरी, अर्थिंगची हिरवी तार लोंबकळत राहायची. ती दौलतनं कापून टाकली. राजारामकडंही तीच तऱ्हा. सगळी मुंबई तशीच चालली होती.

दर रविवारी सकाळी मशीन एका घरातून दुसऱ्या घरात जायचं. दौलतची पाळी संपली की तो ते लालबागला पोचवायचा. राजारामच्या खोलीबाहेर गॅलरीत सिमेंटचा कट्टा होता. सुंदराबाई दारातूनच सांगायची, "थंयच ठेव रे बाबा. तेलाचो डाग पडतलो." दौलत कट्ट्यावर ठेवायचा. चहा बाहेरच यायचा. गॅलरीत वारा असे, राजारामही तिथंच बसे, गप्पा रंगत. दौलतला कधी काही खटकलं नाही. मशीनला ग्रीस असतंच, आणि म्हाताऱ्या बायका स्वच्छतेच्या असतात.

दुसऱ्या वर्षी मशीन कुरकुरायला लागलं. सुरू करताना फटींतून ठिणग्या दिसायच्या, जळका वास यायचा. कधी मुठीला हात लावला की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. दौलतनं मोटारीतले कार्बन बदलले. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

राजाराम म्हणाला, "दौलत, राग मानू नकोस. पण तुमच्या चाळीचं काँक्रीट. ते भोसकून भोसकून मशीनचं आतडं निघालं. आमच्या भिंती विटांच्या, आमच्याकडं त्याला त्रास नाही."

दौलतला ते पटलं. पटलं म्हणून लाजही वाटली. भागीची वस्तू आपण जास्त झिजवली. त्यानं शेजाऱ्यांची कामं बंद केली. सगळ्यांना नाही म्हणताना जीव कानकोंडा व्हायचा, पण तो नाही म्हणायचा.

आणि मग त्या श्रावणात तो पडला. मशीन सकाळीच राजारामकडून आणलं होतं. मोरीजवळ कपड्यांच्या दांडीसाठी भोक पाडायचं होतं. दौलत स्टुलावर चढला, मशीन भिंतीला लावलं, घोडा दाबला. त्याला नंतर एवढंच आठवलं की हात मुठीला चिकटला आणि काही केल्या सुटेना, तोंडातून आवाज निघेना. स्टूल कलंडलं म्हणून वाचला. पडताना वायर होल्डरमधून उपटली गेली. पण सगळा भार उजव्या मनगटावर आला आणि आत काहीतरी वाळल्या काटकीसारखं मोडलं.

परळच्या इस्पितळात प्लास्टर घातलं. हाड जुळलं, पण तिरकं. प्लास्टर काढल्यावर डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखी पकड येईलच असं नाही. कारखान्यात त्याला फिटरच्या बाकावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. नटबोल्ट मोजून द्यायचे. वीस वर्षं ज्या हातानं धातू ओळखला, त्या हाताला आता पाना घट्ट धरता येत नव्हता.

राजाराम भेटायला आला, मोसंबी घेऊन. गॅलरीतच टेकला. "आत ये की," दौलत म्हणाला. "नको, इथं वारा बरा आहे. तू पडून राहा." जाताना म्हणाला, "मी म्हणालो नव्हतो? ते काँक्रीट वाईट."

बरं वाटल्यावर दौलतनं मशीन कुशाबाकडं नेलं. म्हाताऱ्यानं ते खोललं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यानं गुंडाळ्यातली तार नखानं खरवडली. तांबं हिरवं पडलं होतं. लोखंडावर गंजाचे ओघळ होते.

"पाणी गेलंय आत."

"बोटीवरचं असेल. दर्याचं."

"येडा का तू? घेतलं तेव्हा मीच उघडलं होतं. हे ताजं आहे. एकदा सांडलेलं पण नाही. थर बघ, एकावर एक. कुणीतरी घालतंय याच्यात पाणी. खारट काहीतरी." त्यानं दौलतच्या मनगटाकडं पाहिलं. "याच ओलीनं करंट अंगावर आला तुझ्या. काँक्रीटचा काय संबंध?"

दौलत घरी आला तो धुमसतच. मशीन घरात मोरीजवळच्या फळीवर असायचं. मोरीत धुणं व्हायचं, भांडी व्हायची. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"तू पाणी उडवलंस त्याच्यावर!" तो गंगुबाईवर ओरडला. "शंभरदा सांगितलं असेल! माझा हात गेला, अक्कल नाही तुला!"

गंगुबाई ओल्या हातांनी उभी राहिली. "मी त्या मशीनला कधी हात लावते? तुमी पोतं गुंडाळून ठेवता, तसंच असतंय ते."

"मग काय भुतानं घातलं पाणी?"

त्या दिवशी ती जेवली नाही, आणि दौलतनं तिला जेव म्हटलं नाही.

मशीनचं वाइंडिंग नव्यानं करून घेतलं. खर्च दौलतनंच केला. चूक आपल्या घरातली, मग राजारामला भुर्दंड कशाला? एका रविवारी तो ते घेऊन लालबागला गेला. डाव्या हातात मशीन, उजवा हात नुसता सोबतीला. सुंदराबाई दारातून म्हणाली, "थंयच ठेव." राजाराम बनियनवर बाहेर आला, हात कसा आहे विचारलं, आता जपून वापरू म्हणाला. राजारामला कुठंतरी जायचं होतं म्हणून दौलत लगेच निघाला.

खाली रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की चावी खिशातच राहिली. या चावीनं पिळल्याशिवाय मशीनच्या तोंडात पातं बसत नाही. तो पुन्हा जिना चढला.

शेवटच्या पायरीवर तो थांबला. समोर कट्ट्याशी सुंदराबाई होती. एका हातात पितळी तांब्या, दुसऱ्यात तुळशीची डहाळी. डहाळी तांब्यात बुडवून ती मशीनवर शिंपडत होती. गोमूत्राचा उग्र वास गॅलरीत भरला होता. आणि मशीन फडक्यात धरून राजाराम ते तिच्यापुढं फिरवत होता, एखादं पोर आंघोळीला फिरवावं तसं.

"आये, फाटल्या बाजूक पण मार गो. नायतर मागसून माका सांगशील."

सुंदराबाईनं पाठीच्या फटींवरून दोनदा डहाळी झटकली.

दौलतला पहिल्यांदा राग आलाच नाही. त्याला ओल्या हातांनी उभी असलेली गंगुबाई दिसली.

राजारामची बायको कमलाबाई दारात होती. तिची नजर आधी दौलतवर गेली. ती पदर ओढून आत वळली आणि तेव्हा राजारामनं मागं पाहिलं.

"चावी राहिली होती," दौलत म्हणाला.

मग सुंदराबाईच बोलली. तिच्या आवाजात लाज नव्हती, रागही नव्हता. "तुका काय बोलाक नाय हां, बाबा. तू बरो माणूस. पण माझ्या घरात देव आसत."

"म्हातारी आहे रे," राजाराम घाईघाईनं म्हणाला. "तिच्या समाधानासाठी. मनाला लावून घेऊ नको."

"कधीपासून?"

"अरे, सोड ना..."

"कधीपासून, राजाराम?"

"पयल्यापासून," सुंदराबाई म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

"वरच्या वर शिंपडते ती," राजाराम म्हणाला. "चार थेंब. चार थेंबांनी काय होतंय?"

दौलतनं उजवा हात पुढं केला. मनगट जिथं वाकडं जुळलं होतं तिथं टेंगूळ होतं. "हे होतंय."

राजारामचा चेहरा उतरला आणि दुसऱ्याच क्षणी चढला. "म्हणजे मी मुद्दाम केलं? तुला पाडायला? तुझ्यासोबत लाठ्या खाल्ल्यात मी, दौलत! तुला जिन्यात कुणी ओढलं होतं?"

"तू ओढलंस. ते मी मरेपर्यंत विसरायचा नाही. पण तू सगळं माझ्या चाळीच्या काँक्रीटवर ढकललंस. मी ते मुकाट ऐकून घेतलं. लोकांची कामं बंद केली. घरी बायकोला नाही नाही ते बोललो. तू एक शब्द सांगायचास."

"काय सांगू? आई तुझ्या हातची वस्तू शुद्ध करून घेते म्हणून सांगू? तुला बरं वाटलं असतं?"

दौलतनं हात मागं घेतला. "वाईट वाटलं असतं," तो म्हणाला. "हाड नसतं मोडलं."

त्यानं चावी कट्ट्यावर ठेवली. जिन्याकडं वळता वळता थांबला. "दोन दिवस उन्हात वाळव. त्याआधी लावू नकोस. तुझ्या घरात पोरं आहेत."

घरी येऊन त्यानं गंगुबाईला सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं ती रडेल, निदान राजारामला चार शिव्या घालेल. तिनं तांदूळ निवडत निवडत ऐकलं.

"माझ्यावर ओरडलात ते पार टोकाच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं होतं," ती म्हणाली. "आता हे पण तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

दौलत उठला आणि गॅलरीत गेला. नळावर बायका होत्या, पुरुष विड्या ओढत बसले होते. त्यानं आवाज चढवला आणि सांगितलं की मशीन आपल्या घरात भिजलं नाही, गंगुबाईची काही चूक नव्हती, आणि कोण काय शिंपडत होतं. ऐकून कुणाला नवल वाटलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "तुला आत्ता कळलं होय?" ते दौलतला मनगटापेक्षा जास्त लागलं.

दोन-तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी राजाराम आला. खांद्यावर मशीन. उंबऱ्याशी त्यानं ते ठेवलं आणि उभा राहिला. त्याचे डोळे खोल गेले होते. झोपला नसावा.

"हे आता कायम तुझ्याकडं ठेव," तो म्हणाला. "माझा भाग सोडला. मला लागलं तर इथं येऊन वापरीन. आईला सांगून आलोय. भांडून आलोय, दौलत."

एवढे दिवस धरून ठेवलेलं सगळं सुटतंय की काय असं दौलतला वाटलं. "आत ये," तो म्हणाला. "बस आधी."

राजाराम आत आला. पहिल्यांदाच आत आला. लोखंडी खाटेच्या कडेला बसला, तसबिरीकडं पाहिलं, फळीकडं पाहिलं. "बेस बसवलीस फळी," म्हणाला. गंगुबाईनं न सांगता स्टोव्हला पंप मारला. चहा झाला. तिनं चांगल्यातली कपबशी काढली, फडक्यानं पुसली आणि त्याच्यापुढं खाटेवर ठेवली.

राजाराम बोलत राहिला. समितीच्या बैठकीचं, दिल्लीत काय शिजतंय त्याचं, मिलमधल्या नव्या जॉबरचं. बोलता बोलता त्याचा हात एकदा कपाकडं गेला. कानाला बोट लागलं. मग तो हात गुडघ्यावर परत आला.

"घे ना," दौलत म्हणाला.

"घेतो, घेतो."

चहावर साय धरली. गंगुबाई भिंतीला टेकून बघत होती. दौलतला कळेना, आपण चहाकडं बघावं की राजारामकडं. शेवटी राजारामनं मान खाली घातली.

"आज सोमवार आहे रे," तो पुटपुटला. "उपास."

तो मंगळवार होता. दौलतला ठाऊक होतं, राजारामलाही होतं. दौलतला त्याची कीव आली, आणि कीव आली याचाच त्याला सर्वांत जास्त राग आला. हा माणूस आईशी भांडून आला होता. ते खोटं नव्हतं. लाठी खाल्ली तीही खोटी नव्हती. पण या कपापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता, आणि त्याला दुसरं कुणी अडवलेलं नव्हतं.

"मशीन घेऊन जा, राजाराम," दौलत म्हणाला.

"अरे, मी तुला देऊन टाकलंय..."

"तू सोडलेला भाग मला नको. माझा भाग पण तूच घे. मला आता ते धरताच येत नाही."

राजाराम उठला. दारात क्षणभर घुटमळला, मग मशीन खांद्यावर घेऊन जिना उतरला. खाली जाईपर्यंत त्याची पावलं ऐकू येत होती. गंगुबाईनं कप उचलला आणि तो चहा स्वतः पिऊन टाकला. साखर महाग होती.

राजारामनं मशीन शाखेला देऊन टाकलं असं पुढं कळलं. ते कुणीही कसंही वापरायचं. बिघडलं तेव्हा शाखेचा एक माणूस दौलतकडं आला, तुम्हाला त्याचं माहीत आहे, जरा बघता का म्हणून. दौलतनं त्याला कुशाबाचा पत्ता दिला. शाखेत जाणं मात्र दौलतनं सोडलं नाही. मोर्चाला जायचा, घोषणा द्यायचा. फक्त राजाराम ज्या टोकाला असेल त्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहायचा.

महाराष्ट्राचं राज्य झालं त्या दिवशी परळ-लालबागचा रस्ता माणसांनी भरून गेला होता. दौलतही गेला. त्याला आनंद झाला होता, अगदी आतून झाला होता. एवढी वर्षं ज्यासाठी मार खाल्ला ते मिळालं होतं. लेझमाच्या गर्दीतून गुलालानं माखलेला राजाराम धावत आला आणि त्यानं दौलतला छातीशी आवळलं.

"मिळाली रे दौलत, मुंबई मिळाली!" तो रडत होता. "घरी ये आज. आईनं गोड केलंय. ये, नक्की ये."

"येईन," दौलत म्हणाला.

पण राजाराम उत्तराला थांबला नव्हता. गर्दीनं त्याला पुढं ओढून नेलं होतं. त्याचा हात एकदा वर दिसला, मग दिसेनासा झाला. दौलत फुटपाथवर थोडा वेळ उभा राहिला आणि नायगावच्या दिशेनं चालायला लागला. सगळी माणसं समोरून येत होती, त्यामुळे त्याला घरी पोचायला बराच वेळ लागला.